नदीकडे तोंड केलेल्या चपला

आमच्या लॉजवर पाहुण्यांना पहाटे उठवायची एक रीत होती. ती माझ्या धाकट्या भावाने घातलेली. ज्याला पहाटेच्या होडीतून नदीवर यायचं असेल त्याने झोपण्याआधी दाराबाहेरच्या आपल्या चपला फिरवून ठेवायच्या, तोंडं नदीकडे. ज्याला झोपायचं असेल त्याने काही करायचं नाही. माणूस चपला काढून खोलीत शिरतो तेव्हा त्यांची तोंडं आपोआप दाराकडेच राहतात.

"रात्री जेवताना सगळेच हो म्हणतात," भाऊ सांगायचा. "पोट भरलं की माणूस शूर होतो. अंथरुणात पडल्यावर खरं काय ते कळतं. मग मला बोलवायला नको, लाजायला नको. दार उघडा, पायाने चप्पल फिरवा, विषय संपला."

पहाटे तो आधी धक्क्यावर जाऊन होडीत साचलेलं पाणी उपसायचा आणि तशाच ओल्या हाताने व्हरांड्यातून दारं वाजवत यायचा. आधी दोन टकटक, मग थोडं थांबून एक. ज्या दाराबाहेर चपलांची तोंडं दाराकडे असतील तिथून तो चवड्यांवर चालत पुढे जायचा. एकदा एका जोडप्यातल्या नवऱ्याच्या चपला नदीकडे आणि बायकोच्या दाराकडे होत्या. भाऊ बराच वेळ तिथे डोकं खाजवत उभा राहिला.

"आता काय करणार?" मी विचारलं.

"अर्धंच दार वाजवतो, आक्का," तो म्हणाला, आणि खरोखरच एका बोटाने, नवरा झोपला असेल त्या बाजूच्या भिंतीवर वाजवून आला.

पण कुणाच्या चपलांना त्याने कधी हात लावला नाही. बाहेर तांबडं फुटलेलं असो, पल्याडची झाडं फुलांनी ओथंबलेली असोत, पाहुणा कितीही लांबून आलेला असो. चपला दाराकडे, तर तो म्हणायचा, झोपणाराची झोप त्याची आहे.

थंडी सरली की आमच्याकडे पाहुण्यांचा हंगाम. डोंगरावरचं बर्फ वितळून नदी भरते, पल्याडच्या काठावरच्या झाडांना पानांच्या आधी फुलं येतात, आणि सकाळचं पहिलं ऊन पडतं तेव्हा ती सगळी फुलं पाण्यात उतरल्यासारखी दिसतात. ते बघायला लोक येतात. होडी सावकाश त्या फुलांवरून नेली की बायका खाली वाकून पाण्यात हात घालतात आणि हाताला काहीच लागत नाही म्हणून हसतात.

या होडीचीही एक रीत होती. हंगामातली पहिली फेरी रिकामी न्यायची. भाऊ म्हणायचा, "नदीने थंडीभर घर आवरलंय. कुठे काय ठेवलंय ते बघून येतो, मग पाहुण्यांना नेतो." वळणापर्यंत जाऊन तो यायचा आणि मग दारं वाजवायचा.

मागच्या वर्षी तो घर बघायला गेला आणि आला नाही.

होडी वळणावरच्या वाळुंजीच्या झाडांत सापडली. उलटलेली नव्हती. दोन्ही वल्ही आत नीट ठेवलेली, तळ कोरडा. माणूस तेवढा नाही. पाणबुडे आणले, काठाकाठाने गावं धुंडाळली. काही हाती लागलं नाही. त्या दिवशी उन्हं वर येईपर्यंत आमच्या व्हरांड्यात चपला नदीकडे तोंड करून तशाच होत्या. कुणी दारं वाजवलीच नव्हती ना. पाहुणे उशिरा जागे होऊन बाहेर आले, आमची तोंडं पाहिली, आणि आपापल्या चपला उचलून आत गेले.

वर्षभर भावजयीने होडी काठावर पालथी घालून ठेवली. या वर्षी हंगाम तोंडावर आला तेव्हा तिने ठरवून टाकलं. होडी पल्याडच्या मोटारबोटवाल्याला द्यायची, आणि माझ्या भाचीला, म्हणजे तिच्या लेकीला, मामाबरोबर शहरात पाठवायचं. मामाचं दुकान होतं तिथे. तो रविवारी येणार होता.

भाचीला आम्ही भिंगरी म्हणतो. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून. आता ती बापाएवढी उंच होत आली होती आणि वल्हं मारायला बापापेक्षा सरस होती. हे बाप स्वतःच सांगायचा. आईने ठरवलेलं कानावर गेल्यावर तिने काय केलं, तर आई बाजारात गेलेली बघून पालथ्या होडीच्या भेगा बुजवल्या, डांबर फासलं, ती सुलटी केली, आणि डांबराचे हात घेऊन जेवायला बसली.

"हात कशाने बरबटले?" भावजयीने विचारलं.

"दुकानात जायची तयारी करतेय. मामाच्या दुकानात डांबर विकतात ना?"

"उचलली जीभ लावली टाळ्याला. दुकानात बिस्किटं विकतात, हे तुला ठाऊक आहे."

"आई, बाबा गेले म्हणून मी काय नदीकडे पाठ करून बसू? पाहुणे काय खिडकीतून फुलं बघायला येतात?"

"बघू देत खिडकीतून. नदीने एक घेतलाय. पाण्यात गेलेला माणूस एकटा राहत नाही, सोबत मागतो. तुझ्या रूपाने मागेल." मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, "वन्सं, तुम्ही तरी सांगा हिला."

मी काय सांगणार? मला दोघींचंही पटत होतं, त्यामुळे मी ताटं उचलली.

त्या आठवड्यात पाहुणे थोडेच होते. दर वर्षी येणारे एक आजी-आजोबा, आणि एक नवीन गृहस्थ. त्यांच्या गळ्यात तोफेएवढा कॅमेरा होता आणि ते फक्त पक्ष्यांविषयी बोलायचे. आम्ही त्यांना पक्षीवाले म्हणू लागलो. होडी या वर्षी नाही, हे भावजयीने तिघांना दारातच सांगितलं. चपलांच्या रीतीविषयी पक्षीवाल्यांना कुणी काही सांगितलं नाही, सांगायचं कारणही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी चुलीपाशी जायला उठले तेव्हा जेमतेम उजाडत होतं. बघते तर आजी-आजोबा धक्क्यावर उभे. आजींनी शाल पांघरलेली, आजोबांच्या हातात दुर्बीण.

"काय हो, होडी कुठाय?" आजोबांनी मलाच विचारलं. "नाही नाही म्हणता आणि उठवता. आम्ही आपले आवरून आलो."

"कोणी उठवलं?"

"आता कोणी ते आम्हाला काय माहीत? दार वाजलं. नेहमीसारखंच, दोन आणि एक."

आजींनी आपल्या चपलांकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "सवयीने मी चपला फिरवून ठेवल्या होत्या हो. या वर्षी होडी नाही हे झोपताना विसरूनच गेले."

मी व्हरांड्यात परत आले. त्यांच्या दारावर, माझ्या कपाळाच्या उंचीवर, बोटांच्या पेरांचे ओले ठसे होते. ते अजून ओघळत होते. शेजारच्या पक्षीवाल्यांच्या दारावर काही नव्हतं. त्यांचे बूट काढल्यासारखे पडले होते, तोंडं दाराकडे. तेवढ्यात ते केस विस्कटलेले बाहेर आले आणि धक्क्यावरच्या दोघांना पाहून भडकले.

"म्हणजे ह्यांना उठवलं आणि मला नाही? मी इथे काय झोपायला आलोय?"

भावजयीने भिंगरीला दंडाला धरून बाहेर आणलं. "खेळ चाललाय तुझा? मेलेल्या बापाची नक्कल करतेस?"

"आई, शप्पथ, मी आत्ता उठतेय. हात बघ." तिने हात पुढे केले. कोरडे, झोपेने गरम. भावजयीने ते हातात घेतले आणि मग सोडलेच नाहीत. तिची नजर दारावरच्या ठशांवर गेली. भिंगरीचा हात तिथपर्यंत पोचला असता. पण त्या ठशांत मधलं बोट वाकडं उमटलं होतं. वल्ह्याखाली सापडून मोडलेलं ते बोट मी माझ्या हाताने बांधलं होतं, आणि ते वाकडंच जुळलं होतं.

"बाबा म्हणतायत, होडी चालू कर," भिंगरी हळूच म्हणाली.

"बाबा म्हणतायत, ये," भावजय म्हणाली. "मला नको सांगू तो काय म्हणतो. मी बायको आहे त्याची."

त्या संध्याकाळी तिने व्हरांड्यातल्या सगळ्या चपला गोळा केल्या. पाहुण्यांच्या, माझ्या, भिंगरीच्या, स्वतःच्या. चादरींच्या कपाटात कोंबून कुलूप घातलं आणि किल्ली पदराला बांधली. पाहुण्यांना सांगितलं, उंदीर चामडं कुरतडतात म्हणून. पक्षीवाले म्हणाले, "मालकीणबाई, माझे बूट कुरतडणारा उंदीर मला बघायचाच आहे," पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी पुढची थट्टा गिळली.

पहाटे कुणाचंही दार वाजलं नाही. मी मनात म्हटलं, सुटलो. कंदील घेऊन व्हरांड्यात आले आणि जिन्यापाशीच थांबले.

सगळा व्हरांडा ओला होता. अनवाणी पावलं धक्क्याच्या पायऱ्यांवरून वर आली होती आणि पहिल्या दारापर्यंत गेली होती. तिथे पाण्याचं थारोळं होतं, म्हणजे कुणीतरी बराच वेळ उभं होतं. मग दुसऱ्या दारापाशी थारोळं. मग तिसऱ्या. मग पावलं उलटी फिरून पुन्हा पहिल्या दारापाशी, पुन्हा दुसऱ्या, जवळ जवळ, घाईघाईची. एके ठिकाणी गुडघ्यांचे गोल ठसेही होते. बाकाखाली वाकून बघितलं होतं. डाव्या पायाचा अंगठा बाहेरच्या बाजूला वळलेला होता. आम्हा भावंडांत तसा अंगठा माझ्या धाकट्या भावाचाच होता. आई त्याला त्यावरून फताड्या म्हणायची.

भावजय माझ्या मागे कधी येऊन उभी राहिली मला कळलं नाही. ती त्या पावलांकडे बघत राहिली. मग तोंडात पदराचा बोळा घालून खाली बसली.

"शोधत होता, वन्सं," ती म्हणाली. "चपला शोधत होता हो. कुणाला उठवायचं तेच त्याला कळेना."

मी फडकं आणलं. तिने ते माझ्या हातातून घेतलं आणि बाजूला ठेवलं. पाणी आपोआप वाळेपर्यंत तिने तिथून कुणाला चालू दिलं नाही. पाहुण्यांचा चहा मी मागच्या दाराने नेला. भिंगरीला मात्र तिने बोलावून सगळं दाखवलं.

तो दिवस शनिवार होता. दुसऱ्या दिवशी मामा यायचा होता. संध्याकाळी भावजयीने कपाट उघडलं आणि ज्याच्या त्याच्या चपला ज्याच्या त्याच्या दारापाशी ठेवल्या. पाहुण्यांना तिने हात जोडून विनवलं की आजची रात्र कुणीही आपल्या चपला फिरवू नका. आजींनी मान हलवली. काय समजायचं ते त्या समजल्या होत्या.

भिंगरी आपल्या खोलीच्या दारात आली आणि आईच्या डोळ्यांदेखत पायाने आपल्या चपलांची तोंडं नदीकडे केली.

"आई, बाबांना ठरवू दे. मला उठवलं तर मी उद्या रिकामी फेरी घेऊन जाणार. नाही उठवलं तर मामाबरोबर जाते. तोंडातून शब्द काढणार नाही."

भावजय दोन पावलं तिच्याकडे आली. मला वाटलं, आता एक ठेवून देते. पण ती आपल्या खोलीपाशी गेली. स्वतःच्या चपला वाकून उचलल्या, फिरवल्या आणि उंबऱ्याशी ठेवल्या. तोंडं नदीकडे. इतक्या वर्षांत तिने असं कधीच केलं नव्हतं. करायची गरज कुठे होती? नवरा शेजारून उठून जायचा, जाताना तिच्या अंगावर पांघरूण नीट करायचा. तिला पहाटेची नदी आवडत नसे.

"ठरलं," ती म्हणाली. "पण माझ्याही चपला राहतील. माझं दार वाजलं, तर मी जाणार आणि तू राहणार. त्याला सोबत हवी असेल तर बायको आहे अजून."

"आई, तुला वल्हं धरता येत नाही!"

"त्याच्याकडे जायला वल्हं कशाला लागतं?"

भिंगरीचा चेहरा पांढरा पडला. ती आईच्या चपला परत फिरवायला वाकली, तशी भावजय म्हणाली, "हात लावू नकोस. तुझ्यासाठी तुझा बाप ठरवणार, तर माझ्यासाठीही तोच ठरवील." मी मध्ये बोलायला गेले तर मला म्हणाली, "वन्सं, तुम्ही त्याच्या बहीण आहात. बायको मी आहे."

मी भिंगरीला कानात सांगितलं, तुझ्या आईचं दार वाजलं तर मी धक्क्याच्या वाटेत आडवी पडेन, काळजी करू नकोस. म्हातारीच्या अंगात तेवढा जोर आहे का, हे तिने विचारलं नाही, मीही नाही.

मी स्वयंपाकघरात अंथरूण टाकलं. तिथून व्हरांडा ऐकू येतो. डोळा लागला आणि थंडीने उघडला. खिडकी करडी झाली होती. बाहेर धक्क्यावर कुणीतरी पाणी उपसत होतं. डब्याचा तळ लाकडावर घासायचा, मग पाणी नदीत पडायचं, मग पुन्हा. हा आवाज मी आयुष्यभर ऐकला आहे. उठून बसावं असं वाटलं, पण हातपाय माझे नव्हते.

मग पायऱ्या. ओली पावलं, टप टप. पहिल्या दारापाशी न थांबता पुढे. दुसऱ्या दारापाशी न थांबता पुढे. त्या दारांपाशी पावलं हलकी झाली, चवड्यांवर आली. भिंगरीच्या दाराशी थांबली.

टकटक. आणि थोड्या वेळाने एक.

आत भिंगरी जागीच असणार, तिची खाट वाजली. पावलं पुढे गेली. आता एकच दार राहिलं होतं. तिथे ती थांबली.

मी वाट बघत होते. भावजय दाराच्या आत, हाताच्या अंतरावर वाट बघत असणार. पाणी थेंब थेंब गळत होतं, ते मला ऐकू येत होतं. कितीतरी वेळ. इतका वेळ त्याने कुठल्याही दारापाशी लावला नव्हता, त्या अर्ध्या दारापाशीसुद्धा नाही. मी तोंडातल्या तोंडात म्हणत होते, नको रे फताड्या, नको.

मग काहीतरी फरशीवर हळूच घासलं गेलं. एकदा. आणि पुन्हा एकदा. पावलं परतली. पायऱ्या उतरली. त्यानंतर नुसती नदी.

मी व्हरांड्यात धावले तेव्हा भिंगरी आपल्या दारात उभी होती. तिच्या दारावर ओले ठसे होते, मधलं बोट वाकडं. ती आईच्या दाराकडे बघत होती. त्या दारावर काहीच नव्हतं. आणि खाली, ओल्या फरशीवर, भावजयीच्या चपला फिरवून ठेवलेल्या होत्या. तोंडं दाराकडे. नीट जोडीने.

दार आतून उघडलं. भावजय चपलांकडे बघत उभी राहिली. मग तिने वाकून एक चप्पल उचलली आणि गालाला लावली. चपलेतलं पाणी तिच्या गळ्यावरून खाली ओघळलं.

"झोप म्हणतोय," ती म्हणाली.

तिने दुसरी चप्पलही उचलली.

"कुणाच्या चपलेला हात लावला नाही कधी. मेल्याने माझ्याच तेवढ्या फिरवल्या." तिचा आवाज हसल्यासारखा आला, पण ते हसू नव्हतं. मग ती भिंगरीकडे वळली. "तू काय बघत उभी राहिलीस? तुला उठवलंय ना? न्यायचंच असतं तर मी तयारच होते, मला नेलं असतं. तुला कामाला उठवलंय. जा. वळणापर्यंतच जायचं. आणि वाळुंजीच्या बाजूला घ्यायचं नाही."

भिंगरी गेली. होडी काठावरून ढकलायला आम्ही दोघींनी हात लावला. होडीच्या तळाशी पाणी नव्हतं, ते कुणीतरी आधीच उपसलं होतं.

मामा रात्रीच्या गाडीने आला तेव्हा भावजय उंबऱ्यावर बसली होती, पाय अनवाणी.

"ताई, पोरगी तयार आहे ना? आणि होडी कुठाय? पल्याडचा माणूस येतोय न्यायला."

"होडी नदीवर आहे. बस, चहा घे."

"नदीवर? कुणी नेली?"

"जिची आहे तिने."

मामाने माझ्याकडे पाहिलं. "आक्का, हिला तुम्ही काही बोलला नाहीत?"

"मी ताटं उचलणारी बाई," मी म्हटलं. "मला काय विचारता?"

तो पुढे काही बोलणार, तेवढ्यात वळणावर होडी दिसली. पल्याडच्या फुलांवर नुकतंच ऊन पडलं होतं आणि होडी त्यांच्या पाण्यातल्या प्रतिबिंबांवरून सावकाश येत होती. भिंगरीने ती धक्क्याला लावली, दोर बांधला आणि पाय न पुसता वर आली. ओठ निळे पडले होते.

"मधल्या वाटेला नवीन रेती आली आहे," ती म्हणाली. "डावीकडून न्यावं लागेल." मग थोडं थांबून खाली बघत म्हणाली, "जाताना होडी जड होती, आई. दोघं बसल्यासारखी. वळणावर हलकी झाली."

भावजयीने मान डोलावली. जणू बाजारातून काय आणलं ते ऐकत होती. "जा," ती म्हणाली, "पाहुण्यांची दारं वाजव. आज चपला राहू देत. सगळ्यांनाच उठव."

भिंगरीने ओल्या हाताने दारं वाजवली, दोन आणि एक. पक्षीवाले पँट सावरत धावत आले आणि धक्क्यावर सगळ्यांच्या आधी पोचले.

आता दारांवर ओल्या खुणा असतात त्या भिंगरीच्या, बोटं सरळ. दुसऱ्या कुणाच्या नसतात. भावजय मात्र रोज रात्री आपल्या चपला फिरवून नदीकडे तोंड करून ठेवते. मी तिला त्यावरून काही म्हणत नाही. सकाळी त्या दाराकडे तोंड करून असतात, ओल्याचिंब. ती त्या खिडकीतल्या उन्हात ठेवते, आणि संध्याकाळी वाळल्या की घालते.